‘मला माहीत नाही’

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिससाठी एका मुलाचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू घेत होतो. प्रश्न विचारला की हा दोन क्षण थांबायचा, डोळे डावीकडून उजवीकडे फिरायचे आणि मग पाठ केल्यासारखं उत्तर यायचं. शेजारच्या खिडकीत एआय उत्तरं लिहून देतोय, हे शेंबडं पोरही ओळखेल! मला राग यायला हवा होता. आठवलं मात्र एडिसनमधलं गेस्ट हाऊस.

मे २००१ मध्ये मी पुण्याहून न्यू जर्सीत उतरलो. वाय-टू-केचं काम संपलेलं, डॉट-कॉमचा फुगा फुटलेला. एच-वनची मर्यादा त्या वर्षी १ लाख ९५ हजार होती. म्हणजे व्हिसे मुबलक आणि नोकऱ्या गायब. दोन खोल्यांत आम्ही सहा जण, एक कुकर आणि एक फोन. कुणाचा फोन इंटरव्ह्यू असला की कुकर उतरवून ठेवायचा, हा घरचा नियम. बेंचवर बसवलेल्यालाही पगार द्यावा, असा कायदा १९९८ मध्येच झाला होता. आमच्या कन्सल्टिंग कंपनीला त्याची आठवण करून द्यायची आमची छाती नव्हती.

त्या कंपनीने माझा रेझ्युमे ‘जरा नीट’ केला. जावाचा दीड वर्षाचा अनुभव चार वर्षांचा झाला. जिची पायरीही मी कधी चढलो नव्हतो, अशा एका बँकेचं प्रोजेक्ट माझ्या नावावर लागलं. मी गप्प बसलो. फोन इंटरव्ह्यू स्पीकरवर व्हायचे. शेजारी पुस्तक उघडून बसलेला मित्र वहीत उत्तरं खरडायचा. आमचा एआय कोल्हापूरचा होता आणि त्याचं अक्षर भयंकर होतं! चार इंटरव्ह्यू, चार नकार.

पाचवा समोरासमोर होता. साठीच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, “बँकेच्या सिस्टीममध्ये दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकले, तर कसं शोधलंत?” थ्रेड डंप हा शब्दही मी तोवर ऐकला नव्हता. शेजारी वही नव्हती. घशाला कोरड पडली.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “ते प्रोजेक्टही माझं नाही.”

बाईंनी रेझ्युमे पालथा ठेवला. मग उठून फळ्यावर दोन चौकोन काढले आणि वीस मिनिटं तो प्रश्न मला समजावून सांगितला. शेवटी म्हणाल्या, “या कागदावर मी तुम्हाला घेऊ शकत नाही.”

आमच्या कंपनीने आठवड्यात मला काढलं. नोकरी गेल्यावर मिळणारी साठ दिवसांची मुदत २०१७ मध्ये आली. तेव्हा ती नव्हती. मी पुण्याला परतलो. आईला सांगितलं, “तिकडे मंदी आहे.” ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. चार वर्षांनी पुन्हा आलो, तेव्हा रेझ्युमे दीड पानाचाच होता, पण सगळा माझा होता.

त्या मुलाला मी म्हटलं, “ती खिडकी बंद कर आणि तुला काय येत नाही ते सांग.” तो गोरामोरा झाला. बऱ्याच वेळाने एक विषय त्याने सांगितला. मग मीही कागदावर दोन चौकोन काढून कॅमेऱ्यासमोर धरले. त्याला घेता आलं नाही.

मंडळाच्या गणपतीत नवी मुलं विचारतात, “काका, इंटरव्ह्यूची तयारी कशी करायची?” इतकी वर्षं मी पुस्तकांची नावं सांगत आलो. ही गोष्ट मात्र आज पहिल्यांदाच सांगतोय.