खरूज की गजकर्ण?

इंजिनिअरिंगला आल्यापासून घरच्यांचा एक गोड गैरसमज झालाय, की हिला आता सगळं दुरुस्त करता येतं. मिक्सर बंद पडला, हिला सांगा. रिमोट चालत नाही, हिला दाखवा. या मे महिन्यात आजोळी, जित्याला गेले, तर तिथे माझ्यासाठी चक्क एक मांजर काढून ठेवलेलं!

जिते म्हणजे दिवा-रोहा गाडीने आपटा गेलं की पुढचं स्टेशन. मग हमरापूर, मग पेण. हा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. मे महिन्यात मूर्ती ओळीने सुकत असतात आणि उंदरांचा सुळसुळाट असतो. गणपतीचं वाहन असलं म्हणून काय झालं, कारखान्यात ते कुणालाच नको असतं. त्यामुळे शेजारच्या काकांच्या शेडमध्ये चार मांजरं वावरायची. पाळलेली नाहीत, हाकललेलीही नाहीत. त्यातल्या करड्या मांजरीच्या कानांच्या कडा वाळलेल्या प्लास्टरसारख्या झाल्या होत्या, कपाळावरचे केस गेलेले आणि दिवसभर खाजवून रक्त आलेलं.

"हिला काहीतरी स्किन डिसीज झालाय," मी म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा परिणाम. सगळ्याला मिळून एकच शब्द! आजी मात्र विचारात पडली. "बाय, खरूज आहे का गजकर्ण ते बघ आधी. दोन्ही एक नाहीत." तिच्याकडे लूत आणि खवडे हेही शब्द होते. मला तेव्हा हे म्हातारीचं शब्दांचं वेड वाटलं, पण पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच काढला.

तोवर गल्लीतून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे काळं फिनाईल लावा, कुणी रॉकेल, कुणी कुत्र्याचं गोचिडाचं औषध आणून दिलं. आता मांजर स्वतःचं अंग सतत चाटतं, म्हणजे अंगावर लावलेलं सगळं पोटात जाणार. शिवाय कुत्र्याला चालणारं पर्मेथ्रिन मांजराला चालत नाही. ते फोडून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. फिनाईलचं तेच, आणि आपल्या साध्या पॅरासिटामॉलचंही. एक गोळी जीव घ्यायला पुरते.

काकांनी दुसराच उपाय काढला होता. "इथं पोरं दिवसभर मातीत खेळतात. कुणाला लागलं तर? उद्या गोणीत घालून हायवेच्या पलीकडं सोडतो." काकांना दुष्ट ठरवणं सोपं आहे, पण गजकर्ण असतं तर त्यांची भीती शंभर टक्के खरी होती. तो बुरशीचा रोग, मांजराकडून पोरांना सहज होतो. फक्त हायवेपलीकडे सोडून तो गेला नसता, कारण उरलेली तीन मांजरं रोज तिला चिकटून झोपत होती. मी काकांकडून दोन दिवस मागून घेतले.

पकडायला कॉलेजच्या वर्कशॉपमधले वेल्डिंगचे हँडग्लोव्हज कामी आले (सेमिस्टरभरात त्यांचा झालेला हा एकमेव उपयोग). मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जायचं, हे आजीला आधीच सांगून ठेवलं. आंब्याच्या लाकडी पेटीत बसवून वर दोरी बांधली. फटींतून हवा जाते, पंजा येत नाही. उत्तम डिझाइन! गाडीला वेळ होता म्हणून मिनीडोअरने पेणला गेलो. अख्ख्या रस्त्यात तिने जो आवाज लावला, त्याने बाकीचे पॅसेंजर माझ्याकडेच बघत होते.

डॉक्टरांनी कानाच्या कडेची खपली ब्लेडने अलगद खरवडली, काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला बोलावलं. गोल अंगाचा, आखूड पायांचा किडा, अगदी हळू हलणारा. खरूज! हा कातडीत बोगदे खणून त्यात अंडी घालतो, सुरुवात बहुधा कानापासून. माणसाला थोडे दिवस खाज येऊ शकते, पण आपल्या अंगावर तो वाढत नाही. काकांना सांगण्यासारखं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं.

औषध आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. ज्या जंतूपासून ते निघालं तो जपानमधल्या एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीत सापडला होता, आणि त्या कामाला २०१५ चं नोबेल मिळालं. कोरोनात आमच्या मामाने याच्याच १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. "त्यातली एक दिली असती की!" असं तो फोनवर म्हणाला. मांजरीचं वजन भरलं २ किलो ४०० ग्रॅम. डॉक्टरांनी तिला दिलेला डोस निघाला अर्ध्या मिलिग्रॅमच्याही किंचित आत, म्हणजे गोळीचा पंचविसावा भाग. तो सुरीने कसा कापायचा, हे मामाने अजून सांगितलेलं नाही.

औषध अंड्यांवर चालत नाही. त्यामुळे पिलं बाहेर आली की दुसरा डोस, पंधरा दिवसांनी. आणि चारही मांजरांना. डॉक्टरांचं हे शेवटचं वाक्य ऐकून मी पाकीट उघडून बघितलं.

काकांना येऊन सांगितलं. ते बराच वेळ रंगाचा ब्रश धुत राहिले. मग म्हणाले, "बाकीच्यांचे पैसे मी देतो. पकडायचं मात्र तूच."

दोन मांजरं मिळाली. करडीच्या कानांवर आता मऊ लव आली आहे आणि ती परत मूर्तींच्या रांगेत झोपते. चौथा बोका मात्र पक्का हुशार आहे, पेटी दिसली की कौलांवर. मासळीचं डोकं ठेवून बघितलं, ते कावळ्याने नेलं. येत्या रविवारी सुकट लावणार आहे.