मिसिसिपीकाठचे क्रिओल वाडे

न्यू ऑर्लीन्सपासून बॅटन रूजपर्यंत मिसिसिपीच्या दोन्ही काठांनी जाणाऱ्या रस्त्याला रिव्हर रोड म्हणतात. पण रस्त्यावरून नदी सहसा दिसत नाही. पुराचे पाणी थोपवणारा उंच, गवताळ बांध मध्ये येतो. बांधाच्या अलीकडे उसाची शेते, अधूनमधून रसायनांच्या कारखान्यांची धुराडी आणि या दोहोंच्या मधोमध जुन्या मळेवाल्यांचे वाडे. माल नदीतूनच जायचा, म्हणून फ्रेंच अमदानीत प्रत्येकाच्या वाट्याला काठाचा तुकडा येईल अशी जमीन वाटली गेली. नदीवर अरुंद तोंड आणि मागे दलदलीपर्यंत लांबलचक पट्टी. १७९५ मध्ये एत्येन द बोरे याच्या मळ्यावर साखरेचे दाणे पाडण्यात यश आले आणि या पट्ट्यांवर ऊस पसरला.

१८०३ मध्ये अमेरिकेने लुइझियाना फ्रान्सकडून विकत घेतला. त्याआधीपासून येथे रुजलेल्या, येथेच जन्मलेल्या लोकांना क्रिओल म्हणत. त्यांत फ्रेंच व स्पॅनिश घराण्यांचे वंशज होते, तसेच आफ्रिकी आणि मिश्र वंशाचे लोकही. फ्रेंच बोली, कॅथलिक धर्म आणि मुलींनाही वारसा देणारा कायदा यांमुळे नव्याने आलेल्या अमेरिकनांहून त्यांचा संसार निराळा राहिला. व्हाचेरी येथील लॉरा मळ्याचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी पाहिला, तो याच रीतीमुळे. लॉरा लोकूल ही त्यांतली शेवटची. १८९१ मध्ये तिने मळा विकला आणि म्हातारपणी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या.

लॉराचा वाडा १८०५ च्या सुमाराचा. विटांच्या खांबांवर जमिनीपासून चांगला उंच उचललेला. पाणी चढले तरी राहत्या खोल्या कोरड्या राहाव्यात आणि खालून वारा खेळावा, हा हेतू. आत बोळ नाही. खोलीतून खोलीत जावे, नाहीतर थेट पडवीत यावे. पडवीवर उतरत्या छपराची सावली. रंग पिवळा, तांबडा, हिरवा. सायप्रसच्या लाकडाचा सांगाडा आधी कापून तयार केला, मग उभारला. कोणता वासा कोठे बसायचा, हे कळावे म्हणून सुतारांनी लाकडावर कोरलेले रोमन आकडे अजून दिसतात. हे सुतार गुलाम होते. उत्तरेकडे केन नदीकाठी लाकडी चौकटीत माती आणि झाडांवर लोंबणारे स्पॅनिश मॉस कालवून भिंती भरत. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीसारखीच ही रीत.

जवळच ओक ॲलीचा वाडा आहे. १८३० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेला. मालक क्रिओल, पण थाट ग्रीक देवळाचा. पांढरे स्तंभ आणि नदीकडे जाणारी २८ ओकवृक्षांची दुतर्फा रांग. सिनेमा आणि पोस्टकार्डे यांनी दक्षिणेचे जे चित्र जगभर नेले, ते हेच. याच मळ्यावर अँत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४६-४७ च्या हिवाळ्यात पिकान वृक्षाची कलमे यशस्वी केली. पातळ कवचाच्या त्या जातीला पुढे १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात गौरव मिळाला. अँत्वानचे आडनाव मात्र कोठेही नोंदलेले नाही.

क्रिओल समाजात रंगाच्या रेषा सरळ नव्हत्या. देस्त्रेहान येथील वाड्याचा १७८७ चा करारनामा शिल्लक आहे. बांधणारा शार्ल पाके हा स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागीर. त्याची मजुरी ठरली ती अशी : एक गुलाम, एक गाय आणि तिचे वासरू, पन्नास-पन्नास बुशेल मका व भात आणि काम पुरे झाल्यावर रोख शंभर डॉलर. केन नदीकाठच्या मारी तेरेझ क्वॅनक्वॅन हिचा जन्म गुलामीत झाला. १७७८ मध्ये ती मुक्त झाली. तिने शेती केली, मुलांना विकत घेऊन सोडवले आणि मेत्वायेर घराण्याचा पाया घातला. पुढे या घराण्याकडे मळे आले, तसे गुलामही आले. एकेकाळी त्यांच्याच असलेल्या मेलरोज मळ्यावर विसाव्या शतकात शेतमजुरी आणि स्वयंपाक करणाऱ्या क्लेमेंटाइन हंटरने कापूस वेचणी, लग्ने, बाप्तिस्मे रंगवले. १९५५ मध्ये तिने तेथील ‘आफ्रिकन हाउस’च्या भिंतींसाठी केलेली चित्रे आजही आहेत.

वाड्यांमागच्या गुलामांच्या खोल्यांतून वाढलेला वारसा तितकाच मोठा आहे. चतुर सशाच्या, कोंपेर लापँच्या, गोष्टी आफ्रिकेतून आल्या आणि क्रिओल बोलीत रुजल्या. आल्से फोर्तिये याने त्या गोळा करून १८९५ मध्ये छापल्या. गंबो या दाट रश्श्यातली भेंडी आफ्रिकेची, तर तो दाट करणारी सॅसाफ्रासच्या पानांची पूड चोक्टॉ लोकांची.

या खोल्या पाहणाऱ्यांच्या वाटेवर बऱ्याच उशिरा आल्या. अनेक वर्षे मार्गदर्शक दिवाणखाना, चांदीची भांडी आणि मालकिणीचे झगे दाखवत. लॉराच्या खोल्यांत तर १९७७ पर्यंत शेतमजूर राहत होते. २०१४ मध्ये उघडलेल्या व्हिटनी संग्रहालयाने गुलामांचेच आयुष्य केंद्रस्थानी ठेवले. तेथील एका स्मारकावर लुइझियानातील सुमारे १,०७,००० गुलामांची नावे आहेत. ओक ॲलीतही आता खोल्या पुन्हा उभारल्या आहेत. एव्हरग्रीन मळ्यावर तर २२ मूळ खोल्या ओकांच्या सावलीत दोन ओळींत उभ्या आहेत. मालकाचा वाडा आणि या खोल्या, दोन्ही पाहिल्याखेरीज मळा पुरता समजत नाही.