मैत्रिणीने विचारलेच तर...

रेल्वे, गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया यांच्या नोकऱ्यांपायी मराठी घरे जबलपूरला येऊन स्थायिक झाली. त्यांतली काही ख्रिस्ती. अशा घरची गृहिणी नाताळात शेजारीपाजारी केक नि करंज्या पाठवते, शेजारच्या गणपतीच्या आरतीलाही जाते. पण एखाद्या मैत्रिणीने सहज विचारले, “दर रविवारी चर्चला जातेस, तिथं मिळतं तरी काय गं?” की हिचा चेहरा कसनुसा होतो. “लहानपणापासूनची सवय,” म्हणत ती चहा टाकायला उठते.

मैत्रिणीला वाटेल, ही आपल्याला बाटवायला निघाली! ही भीती अगदीच पोकळ नाही. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. मात्र याच राज्यातून गेलेल्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली एक भेद स्पष्ट केला होता. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नाही. चहाच्या कपाबरोबर दिलेले उत्तर यातल्या पहिल्या प्रकारात बसते, हे सांगायला वकील कशाला हवा?

आणि मैत्रिणीला तत्त्वज्ञान तरी कुठे हवे असते? मुलगा तापाने फणफणला होता, त्या रात्री प्रार्थना केली आणि धीर आला, एवढे सांगितले तरी पुरते. मग तिच्या सोमवारांबद्दलही आस्थेने विचारावे. तिलाही सांगायचे असतेच की!

हा संकोच रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही चुकला नव्हता. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. वाचून मन ओढले गेले, पण बोलणार कुणाशी? स्वतःचे नाव न देता त्यांनी एका ख्रिस्ती पत्राशी पत्रव्यवहार केला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सगळ्या गोतावळ्यात आकांत झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे परत आल्या, तरी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर.

एकदा उघड झाल्यावर टिळक लपले नाहीत. ख्रिस्ताविषयी बोलायला त्यांनी अभंग आणि कीर्तन निवडले. मराठी माणसाच्या कानाला ती वाणी घरचीच. मित्र मात्र त्यांनी धर्म पाहून जोडले नाहीत. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेले बालकवी ठोंबरे पुढे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले. घर पाद्र्याचे, प्रार्थना रोजची, लपवाछपवी कसली नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखी माया लावली. १९१८ साली बालकवी अपघातात गेले, तोवर ते हिंदूच राहिले होते आणि टिळकांच्या घरातले त्यांचे स्थान तसेच होते.