जाड कप

आमच्या घरी कपांच्या दोन जाती होत्या. पाहुण्यांसाठी कपाटातले पातळ, सोनेरी काठाचे. आणि वडिलांचा एकुलता एक, पांढरा, जाड, ठोंब्यासारखा. चहा पिण्यापूर्वी ते त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवीत. कॉलेजातले मित्र यायचे असले, की तो कप मी मोरीत लपवून ठेवी. हॉटेलातल्यासारखा कप घरात असणे मला कमीपणाचे वाटे.

वडील दहाव्या वर्षी कोकणातून गिरगावात आले, ते एका हॉटेलात कपबशा विसळायला. टवका उडाला, कान तुटला, की पैसे पगारातून कापीत. एका दिवाळीच्या गर्दीत अख्खा ट्रेच हातून निसटला, आणि त्या महिन्याची मनिऑर्डर आजीला गेली नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही हसत हसत.

गेल्या वर्षी अमेरिकेत सिराक्यूज गावी मुलीकडे गेलो होतो. तेथे जुन्या वस्तूंच्या दुकानात हिरव्या पट्ट्यांचा एक कप उचलला, तो हाताला वजन ओळखीचे वाटले. उलटा केला, तर बुडाशी त्या गावाचेच नाव! मग आम्ही बापलेकीने त्याची कुळकथा शोधून काढली. १८७१ साली तेथे ओनोंडागा पॉटरी कंपनी निघाली. १९६६ साली तिने सिराक्यूज चायना हे नाव घेतले. हॉटेलांसाठी, आगगाड्यांच्या भोजनडब्यांसाठी ती कपबशा करी. माती अशा कडक आचेवर भाजायची, की ती काचेसारखी घट्ट व्हावी, पाणी पिऊ नये. नक्षी झिलईच्या खाली, म्हणजे घासून जायला नको. आणि टवका उडतो तो बहुधा काठाचा, म्हणून काठच गोल आणि जाड. तो कारखाना २००९ साली बंद पडला.

ही सारी अक्कल हॉटेलमालकाचा खर्च वाचावा म्हणून, हे उघडच आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे आला तो मोरीशी उकिडवा बसलेला दहा वर्षांचा मुलगा. त्या जाड काठाने कुठल्या ना कुठल्या पोराचा पगारही वाचविला असेलच की!

कप घेऊन आलो. आता चहा त्यातच घेतो, पाहुणे आले तरी लपवीत नाही. वडील मात्र हे पाहायला नाहीत. पहिल्या घोटाआधी बोट आपोआप काठावरून फिरते.