आधी निचरा, मग नळ

पुण्यात गेल्या काही दशकांत बांधलेल्या बहुतेक फ्लॅटना स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते. तिच्यात एक नळ, एक नहाणी ट्रॅप आणि एक पॉवर पॉइंट. बिल्डरने ही सोय करताना डोळ्यांपुढे एकटं वॉशिंग मशीन ठेवलेलं असतं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं येणं थांबलं आणि बऱ्याच घरांत डिशवॉशर आला. तेव्हापासून आम्हा प्लंबिंगवाल्यांना एक प्रश्न सारखा विचारला जातो : एकाच नळावर दोन्ही मशीन चालतील का? प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. नळाचं उत्तर सोपं असतं. दोन्ही मशीनचं वापरलेलं पाणी कुठून, कसं आणि कोणत्या पाइपात जाणार, हे आधी ठरलं पाहिजे. जोडणी निचऱ्यापासून सुरू करावी आणि नळापाशी संपवावी, असं माझं ठाम मत आहे.

नळाकडची बाजू आधी मिटवून टाकू. दोन्ही मशीनच्या इनलेट पाइपांना पाऊण इंची आटे असतात. भिंतीतल्या पॉइंटवर एक टी बसवायचा आणि तिथून प्रत्येक मशीनला स्वतंत्र कॉक द्यायचा, म्हणजे एक मशीन दुरुस्तीला काढलं तरी दुसरं चालू राहतं. दाबाचं गणित गच्चीवरच्या टाकीचं आहे. दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याला साधारण एक बारचा दाब मिळतो, आणि बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किमान 0.3 बार मागितलेला असतो, म्हणजे तीनेक मीटरची उंची. सर्वांत वरच्या मजल्यावर तेवढीही मिळत नाही. तिथे प्रेशर पंप लागतो. बाकी मजल्यांवर दोन्ही मशीननी एकदम पाणी ओढलं, तर भरायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की इनलेटच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवायची. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल, तर डिशवॉशरमधल्या मिठाचं प्रमाण त्यानुसार वाढवायचं. पुरवठ्याच्या बाजूचं बरंचसं काम एवढ्यात आटोपतं.

निचऱ्याची बाजू मात्र इतकी सरळ नाही. मशीनचा पाइप नहाणी ट्रॅपच्या जाळीत खुपसून ठेवलेला बहुतेक घरांत दिसतो. पंप सुरू झाला की मिनिटाभरात बादलीभर पाणी जोरात येतं. ट्रॅपच्या तोंडाशी आधीच पाइप अडकलेला असल्याने तेवढ्याच फटीतून पाणीही खाली जायला बघतं आणि आतली हवाही वर यायला बघते. मग जाळीभोवती फेस उसळतो, फरशीवर पसरतो आणि दाराच्या पट्टीपर्यंत येतो. घरचे लोक त्याला ‘ट्रॅप चोक झाला’ म्हणतात. पुष्कळदा चोक काही नसतो. हवेला वाट नसते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके देत पडतं आणि दुसरं पाडलं की धार लागते, हे कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं. तोच नियम इथे आहे. त्यात दुसरं मशीन आलं की अडचण नुसती दुप्पट होत नाही, तिची जातच बदलते. डिशवॉशरचं गरम, तेलकट पाणी पाइपात थंड होतं आणि स्निग्धांश आतल्या भिंतीला चिकटतो. त्यावर कपड्यांचे तंतू येऊन बसतात. तूप आणि तंतू यांचा हा थर नुसतं पाणी सोडून निघत नाही. म्हणून दोन मशीनच्या सामाईक पाइपाला चाळीसास एक असा उतार हवा आणि वळणावर उघडता येणारा डोअर बेंड हवाच.

जागा वाचवण्यासाठी पुष्कळजण दोन्ही मशीनचे आउटलेट पाइप एका वाय-कनेक्टरला क्लिप लावून घट्ट जोडतात आणि पुढे एकच पाइप नेतात. दिसायला हे काम नीटनेटकं दिसतं, पण धोका त्याच्यातच आहे. पंप पाणी ढकलतो आणि पाणी कमी अडथळ्याच्या वाटेने जातं. पुढचा पाइप अर्धवट तुंबला की वॉशिंग मशीनचा पंप कपड्यांचं मळकं पाणी वायच्या दुसऱ्या फांदीतून डिशवॉशरच्या पोटात ढकलू शकतो. त्याला अडवायला डिशवॉशरमध्ये रबराची एक लहानशी झडप असते. तिच्यावर खरकट्याचा एखादा कण किंवा तेलाचा थर बसला की ती पुरती मिटत नाही. ज्या भांड्यात मूल जेवणार, त्याची स्वच्छता या झडपेच्या भरवशावर सोडणं मला मान्य नाही. याला उपाय साधा आहे. 50 मिलिमीटरचा एक उभा पाइप, त्याच्या पायथ्याशी पी-ट्रॅप आणि वर दोन वेगळी उघडी तोंडं. प्रत्येक मशीनचा पाइप आपापल्या तोंडात वीतभर सोडायचा आणि भोवती बोटभर मोकळी जागा ठेवायची. सिलिकॉनने ती बुजवायची नाही. त्या मोकळ्या जागेतून हवा आत येते, त्यामुळे सायफन लागत नाही. आणि खाली तुंबलं तर पाणी त्या तोंडातून बाहेर पडून दिसतं, दुसऱ्या मशीनमध्ये लपत नाही. फ्रंट लोडचा पाइप साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर ठेवायला सांगतात, तोही याच उभ्या पाइपात बसतो. काही टॉप लोड मशीनना मात्र पंपच नसतो. त्यांचं पाणी उताराने खालूनच जातं. त्यांना नहाणी ट्रॅप सोडावा आणि उभा पाइप एकट्या डिशवॉशरला द्यावा. म्हणून भिंत मोजण्याआधी मशीनची मागची बाजू पाहावी.

ट्रॅपमधलं बोट-दोन बोटं पाणी हा घर आणि गटार यांच्यातला एकमेव पडदा असतो. सामाईक पाइपात हवेची सोय नसेल, तर पंपाचा एक मोठा लोंढा खाली जाताना शेजारच्या ट्रॅपमधलं ते पाणी ओढून नेतो आणि पडदा फाटतो. याचं मोल हाँगकाँगने 2003 साली मोजलं. तिथल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली. तपासात न्हाणीघरांतले कोरडे पडलेले फ्लोअर ट्रॅप हे संसर्गाच्या वाटेतलं महत्त्वाचं कारण ठरलं. पाण्याच्या वाटेत हवेची जागा ठेवणं ही काही परदेशातून आलेली चैन नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जो नळ आणला, त्याच्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधले होते. कोंडलेली हवा मोकळी झाली नाही तर पाणी पुढे सरकत नाही, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. अठराव्या शतकातल्या पुण्याने पाळलेला हा नियम आजच्या पुण्याने चार फुटांच्या बाल्कनीत मोडू नये.

यावर काही आक्षेप येतात आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला : दोन्ही मशीन कधी एकदम चालतच नाहीत. पण उलटं पाणी शिरायला दोन्ही चालू असावी लागत नाहीत. एक चालू आणि दुसरं रिकामं, एवढं पुरतं. दुसरा : वाड्यातल्या मोरीत सगळं पाणी एकत्रच जायचं, काय बिघडलं? बिघडलं नाही, कारण मोरीत पाणी उघड्यावर पडायचं. भांड्याचं पाणी आणि कपड्याचं पाणी यांच्यात हवा होती. माझं म्हणणं मोरीच्या विरुद्ध नाही. मोरीतला तो गुण पाइपात आणा, इतकंच आहे. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : घरात पूर येतो तो इनलेटचा पाइप फुटून, मग नळाची बाजू दुय्यम कशी? इनलेट फुटला तर नुकसान मोठं होतं, हे खरंच. पण ते दिसतं, ऐकू येतं आणि कॉक फिरवला की थांबतं. काम झालं की कॉक बंद करण्याची सवय लावली तर बहुधा होतच नाही. निचऱ्यातली चूक महिनोन्‌महिने गुपचूप चालते. ती बंद करायला कॉक नसतो. चौथा आक्षेप भाडेकरूंचा : टाइल फोडायची मुभा नाही. उभा पाइप भिंतीवर क्लॅम्पने बसतो आणि पायथ्याशी असलेल्या नहाणीतच उतरवता येतो. घर सोडताना काढूनही नेता येतो. मात्र तेव्हा त्याला वेगळा पी-ट्रॅप लावू नये, एका वाटेवर दोन ट्रॅप लागले की मधली हवा अडकते.

शेवटचा मुद्दा घराबाहेरचा आहे, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठा. बाल्कनीतला जवळचा पाइप नेहमीच ड्रेनेजचा असतो असं नाही. पुष्कळदा तो पावसाळी पाण्याचा असतो. त्यात मशीनचा पाइप सोडला की घरात काहीच त्रास होत नाही, उलट पाणी झपकन जातं. पण पावसाळी गटाराला वाटेत मैलाशुद्धीकरण केंद्र नसतं. साबण आणि खरकटं ओढ्यात, आंबिल ओढ्यासारख्या प्रवाहातून मुठेत आणि पुढे मुळा-मुठेत जातं. नदी सुधारण्यासाठी 2016 साली केंद्राने जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून जो प्रकल्प मंजूर केला, त्यात 11 नवी शुद्धीकरण केंद्रं आहेत. जे पाणी ड्रेनेजच्या वाटेला लागतच नाही, ते कितीही केंद्रं बांधली तरी शुद्ध होणार नाही. खात्री करणं सोपं आहे. बादलीभर पाण्यात नीळ कालवून ट्रॅपमध्ये ओता आणि खाली कोणत्या चेंबरमध्ये निळं पाणी उतरतं ते पाहा. पावसाळी जाळीखाली दिसलं तर तिथे मशीन जोडू नका, आणि प्लंबर ‘सगळेच जोडतात’ म्हणाला तरी त्याला नाही म्हणा.

म्हणून नवा फ्लॅट घेणाऱ्यांनी नकाशा पाहतानाच ड्राय बाल्कनीत दोन तोंडांचा एक उभा पाइप मागावा. बांधकाम चालू असताना त्याला फारसा खर्च येत नाही. नंतर भिंत फोडावी लागते. सोसायट्यांनी दुरुस्तीची परवानगी देताना निळीची परीक्षा सक्तीची करावी. आणि आमच्या धंद्यातल्या मंडळींनी नळाला टेफ्लॉन गुंडाळायच्या आधी गिऱ्हाइकाला एक गोष्ट स्पष्ट सांगावी : दोन मशीननी नळ वाटून घ्यायला हरकत नाही, पण निचऱ्याला प्रत्येकाचं तोंड वेगळं हवं, त्याला हवा हवी आणि त्याची वाट ड्रेनेजचीच हवी. नळ जोडून मिळणारी सोय एका घराची असते. निचरा बिघडला तर त्याची झळ खालच्या मजल्याला बसते, शेजाऱ्याला बसते आणि नदीकाठच्या गावांनाही बसते. ज्यांना झळ बसते त्यांना आपल्या बाल्कनीत काय जोडलंय हे कधी कळतही नाही. त्यांच्या वतीने विचार करणं हा आमच्या कामाचाच भाग आहे.