खोटा पत्ता

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रातल्या पांढऱ्या कार्डावरचा, म्हणजे रुग्णाच्या नोंदीवरचा, पत्ता खरा असेलच असं धरून चालू नये, हे मी नव्या कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवते. आधार कार्ड मागायला लागल्यापासून नावं बऱ्यापैकी खरी येतात. पत्ता मात्र माहेरचा असतो, किंवा कधीच सोडलेल्या भाड्याच्या खोलीचा. फोन लावावा तर तो भाच्याकडे असतो, आणि मावशी दर महिन्याला जिल्ह्याला कशासाठी जाते हे भाच्याला ठाऊक नसतं. नवं पोरगं अशा दोन-तीन पत्त्यांवरून हात हलवत परत आलं की वैतागतं. सरकार फुकट औषध देतंय आणि यांना धड पत्ता सांगता येत नाही! मग मी विचारते, कोणत्या गाडीनं गेला होतास? गाडीवर काय लिहिलं होतं? गळ्यात ओळखपत्र होतं का? पारावर बसलेल्या माणसांना घर विचारलंस ना? पत्ता खोटा का दिला, हे बहुतेकांना एवढ्यावर कळतं.

मी मराठवाड्यात समुपदेशक म्हणून या कामात आले. आता गोळ्या बंद केलेल्यांना शोधून पुन्हा उपचारावर आणणाऱ्या कार्यकर्त्यांचं काम बघते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आधार द्यायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर १ डिसेंबरची प्रभातफेरी, फळवाटप आणि लाल फितीचे बिल्ले येतात. त्यात वाईट काही नाही. पण आधाराचं खरं काम उरलेल्या दिवसांत चालतं आणि ते जितकं कमी दिसेल तितकं चांगलं.

हे लपणं कुठून आलं, त्याला इतिहास आहे. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातली पहिली लागण शोधली. त्यानंतर तीन वर्षांनी गोव्यात, पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझा या तरुणानं रक्तदान केलं. रक्तदात्यानं नाव-गाव लपवण्याचं कारणच काय? तपासणीत एचआयव्ही निघाला आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं डांबण्याची तरतूद होती, तिच्या आधारे त्याला म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्याच्या आईनं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. बाहेर आल्यावर त्यानं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. खरा पत्ता देणाऱ्याचं काय होतं, याचा हा आपल्याकडचा पहिला धडा होता, आणि तो सरकारनंच शिकवला.

न्यायालयांनी पुढे चूक सुधारली. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की काम करायला समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या खटल्यातला कामगार निकालपत्रात नावानं नाही, दोन इंग्रजी अक्षरांनी ओळखला जातो. नाव झाकून न्याय मागता येतो, हे मान्य होणं मला निकालाइतकंच मोठं वाटतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करायची नाही, माहिती फोडायची नाही, नोकरी-शाळा-दवाखान्यात भेदभाव करायचा नाही, हे आता कायद्यात आहे. त्यातलं एक कलम मला विशेष वाटतं. आई-वडील नसलेल्या किंवा आजारी असलेल्या घरात बारा वर्षांवरचं समजदार भावंड संसार ओढत असेल, तर धाकट्यांचं पालक म्हणून त्याची सही शाळाप्रवेशाला किंवा दवाखान्यात चालते. ते लिहिणाऱ्यानं अशी घरं पाहिली असणार.

पण कायदा तालुक्याच्या कोर्टापर्यंत पोचतो, सासूपर्यंत पोचत नाही. तिथे भेट देणाऱ्याचं कसब लागतं. आमचं माणूस गावात जातं ते बचत गटाचं, विम्याचं, कधी शिलाई मशीनच्या योजनेचं निमित्त घेऊन. कोणतं निमित्त सांगायचं हे रुग्णानंच आधी ठरवलेलं असतं आणि ते वहीत लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी दुसऱ्यानं जाऊन वेगळंच सांगितलं तर घोटाळा होतो. एकाच घराकडे जायचं नाही, आजूबाजूच्या चार घरी टेकायचं. फोन दुसऱ्यानं उचलला तर 'राँग नंबर' म्हणायचं नाही, कारण दोन राँग नंबरांनंतर नवरा संशय घेतो. घरात पाणी दिलं तर प्यायचं, चहा दिला तर नाही म्हणायचं नाही. आजाराबद्दल जाणणारी एखादी जाऊ चोरून बघत असते, हे लोक आपल्या भांड्यात पितात का म्हणून.

हे कसब प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून येत नाही. ज्याला स्वतःला लपवावं लागलं त्याला ते येतं. म्हणूनच एचआयव्हीच्या कामात ज्यांचा प्रश्न त्यांनीच कार्यकर्ते व्हायचं, ही रीत रुजली. सांगलीत १९९२ पासून मीना शेषू यांच्या 'संग्राम'नं शरीरविक्रय करणाऱ्या बायकांच्या हातीच कंडोम वाटपाचं काम दिलं आणि १९९६ मध्ये त्या बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. ज्यांना तोवर सगळे रोगाचं मूळ म्हणत होते, त्याच रोग थांबवायला सगळ्यांत जास्त उपयोगी ठरल्या. मुंबईत अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हमसफर ट्रस्ट'मधून समलिंगी पुरुषांमध्ये हेच केलं. आज एआरटी केंद्राच्या बाकावर नव्या रुग्णाशेजारी येऊन बसणारी बाई बहुधा स्वतः गोळ्या घेणारी असते. डॉक्टर सांगतात, काही होत नाही. ती सांगते, मला पंधरा वर्षं झाली, माझ्या पोरीचं लग्न झालं. कोणाचं ऐकायचं ते माणूस लगेच ठरवतं.

औषधाचीही एक कथा आहे, थोडक्यात सांगते. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीद यांनी दिवसाला एक डॉलरहून कमी खर्चात तीन औषधांचा उपचार देऊ केला, तेव्हा जग चकित झालं. कारण तोवर तो वर्षाला दहा-बारा हजार डॉलरना पडत होता. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. त्या पहिल्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन असायचं. त्यानं जीव वाचले, पण गाल बसायचे, हातापायांच्या शिरा वर यायच्या. गावात चेहऱ्यावरून ओळखायचे. पत्ता कितीही खोटा द्या, तोंड कुठे लपवणार? नंतर ते औषध गेलं. मग आलेल्या गोळीनं रात्री चक्कर यायची, भलतीच स्वप्नं पडायची. आता डोल्युटेग्राव्हिरची रोज एकच गोळी आहे, कुठल्याही वेळी घ्या, चेहरा जसाच्या तसा. राहिला प्रश्न बाटलीचा. तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते. बायका तीत कापूस भरतात, लेबल पाण्यात भिजवून काढतात, किंवा गोळ्या डब्यात ओततात. ओलावा लागला तर गोळी बिघडेल, असं आम्ही सांगतो. त्या मान डोलावतात आणि पुन्हा डब्यात ओततात.

एवढा आटापिटा कशासाठी, याचं उत्तर गेल्या पंधरा वर्षांत बदललं आहे. पूर्वी गोळी घेणाऱ्याचा जीव वाचावा एवढाच हेतू होता. २०११ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निष्कर्ष आला. त्यात पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती, एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही अशी. लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, असं दिसलं. पुढच्या अभ्यासांनी चित्र आणखी स्वच्छ केलं. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. कमी होते असं नव्हे, होतच नाही. २०१७ पासून आपल्याकडे सीडी-फोर पेशींची संख्या घटण्याची वाट न बघता निदान झालं की उपचार सुरू करतात, तेही याचमुळे.

म्हणजे आमचा कार्यकर्ता खोट्या पत्त्यावरून खऱ्या घरापर्यंत पोचून एका माणसाला पुन्हा गोळीवर आणतो, तेव्हा तो प्रतिबंधाचंच काम करत असतो. कागदावर अजून ही दोन खाती वेगळी आहेत. आधाराला वेगळा निधी, प्रतिबंधाला वेगळा, अहवालाचे तक्तेही वेगळे. आणि निधी आटला की आधी कात्री लागते ती फिरणाऱ्या माणसांना, कारण गोळ्यांची बाटली मोजता येते, पारावरून परत फिरलेल्या पोराचं पेट्रोल कोण मोजणार? देशात चोवीस-पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगतात, त्यातले सुमारे चार लाख महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांच्यामागे फिरणाऱ्यांचं मानधन बघितलं तर ऊसतोडीला गेलेलं परवडेल.

बायकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. घरात पहिली चाचणी बहुधा गरोदर बाईची होते, कारण ती दवाखान्यात नाव नोंदवते. नवऱ्याची चाचणी नंतर, कधी कधी होतच नाही. जिचा निकाल आधी आला तिच्या नावावर आजार लागतो. 'हिनं आणला.' पुढे नवरा गेला की तिला त्याच्या जमिनीतून, घरातून बाहेर काढायला हे कारण पुरतं. खरं तर ती चाचणी बाळासाठी वरदान आहे. काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता पंधरा ते पंचेचाळीस टक्के असते. आईनं नीट गोळ्या घेतल्या तर ती पाच टक्क्यांच्याही खाली येते. पण बाळ निरोगी निघाल्याचा आनंद तिला कोणाजवळ बोलून दाखवता येत नाही, कारण तो कशासाठी ते सांगावं लागेल. ज्यांना ही संधी मिळाली नाही अशी आधीची मुलं आता विशी-पंचविशीत आहेत. लातूर जिल्ह्यात हासेगावचं 'सेवालय', बीडजवळचं 'इन्फंट इंडिया' यांसारख्या बाधित मुलांच्या संस्थांत वाढलेल्या मुला-मुलींची लग्नं लागताना मी पाहिली आहेत. अक्षता टाकताना आमच्यातल्या जुन्या माणसांना रडू आवरत नाही, त्याचं त्या पोरांना हसू येतं.

दर वर्षी ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागातली निम्मी गावं रिकामी होतात. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा इथली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. पहाटे तीन-चारला फडात जायचं, संध्याकाळी मोळ्या भरायच्या, रात्री गाडी भरायला उठायचं. राहायच्या कोपीला दार नसतं. सगळी टोळी एकमेकांना लागून, कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसतं. गोळी कधी घ्यायची? जवळच्या शहरातल्या एआरटी केंद्रात जायचं तर एक दिवस मोडतो. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो आणि वर विचारतो, काय काम होतं? परगावच्या केंद्रात उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक दाखवलं तर प्रवासातल्या रुग्णालाही गोळ्या मिळतात, ही सोय आहे. पण हिरवं पुस्तक घरी पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली असतं. ते बरोबर घेऊन फडात कोण जाईल?

म्हणून आमचं वर्ष गणपती उठले की सुरू होतं. कोण कोणाच्या टोळीत जातंय, कुठल्या कारखान्याला, कोणत्या तारखेला गाडी येणार, याची यादी करायची. हे सगळं बाहेरूनच, मुकादमाला न विचारता, जत्रेत, बाजारात, किराणा दुकानात काढायचं. ज्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबलेला आहे त्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. करोनाच्या टाळेबंदीत या सवलतीचा मोठा उपयोग झाला. तेव्हा आमच्या माणसांनी गोळ्या घरापर्यंतही पोचवल्या आणि काही बिघडलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. अडचण हिशेबाची आहे. हंगाम पाच महिने चालतो आणि गोळ्या तीन महिन्यांच्या. जानेवारी संपता संपता बाटल्या रिकाम्या होऊ लागतात. घरी राहिलेल्या सासऱ्याला माहीत असेल तर तो केंद्रातून गोळ्या घेतो आणि गावाकडून निघालेल्या एखाद्याच्या पिशवीत, ज्वारीच्या पिठात पुरून पाठवतो. ज्यांच्या घरी असं कोणी नाही ते थांबतात. मार्चमध्ये परत येतात तेव्हा विषाणू पुन्हा वाढलेला असतो.

यावर उपाय अवघड नाही आणि नव्या योजनेची वाटही बघायला नको. कोयत्यावर जाणाऱ्याला दसऱ्याआधी पूर्ण हंगामाच्या गोळ्या द्याव्यात, निदान कारखान्याजवळच्या तालुक्याच्या केंद्राला यादीऐवजी नुसता क्रमांक कळवून तिथे दुसरा वाटा तयार ठेवावा. तो वाटा फडापर्यंत नेणारी एखादी बाई टोळीत असतेच, स्वतः गोळ्या घेणारी. यंदा अशा बायकांपैकी काही जणींनी आम्हाला स्वतःहून कोप्या कुठे पडणार ते सांगितलं आहे. या वेळी पत्ते खरे आहेत.