दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी

पाळणा लांबवायची गोळी चालू असताना दिवस राहिले, की घरात आणि दवाखान्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘एखाद्या दिवशी विसरली असशील.’ पुष्कळदा ते खरंही असतं. गोळी अगदी नियमाने घेतली तर वर्षभरात १०० बायकांमधल्या एकीलाही दिवस राहत नाहीत. मुलांचे डबे, गावाकडची लग्नं, रात्रपाळी अशा धबडग्यात घेतली तर हाच आकडा ७च्या आसपास जातो. पण एकही गोळी न चुकवता दिवस गेलेल्या बायकाही मी पाहते. त्यांतल्या काहींचं कारण दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीत सापडतं. अशा बाईला विसराळू म्हणणं हा अन्याय आहे.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं माला-एनचं पाकीट हातात घेऊन पाहा. २८ गोळ्यांपैकी ७ तपकिरी, त्यांत फक्त लोह. काम करतात त्या २१ पांढऱ्या. प्रत्येकीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. इस्ट्रोजेन वाढलं की रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून मात्रा मुद्दाम इतकी कमी ठेवलेली असते. दुसऱ्या दिवशीची गोळी पोटात जाईपर्यंत ती पुरते, पण फारशी शिल्लक राहत नाही. ही हार्मोन्स मोडून टाकण्याचं काम यकृतातली एन्झाइम्स करतात. काही औषधांमुळे ही एन्झाइम्स वाढतात. मग गोळी वेळेवर घेऊनही रक्तातली पातळी खाली येते.

आपल्याकडे या औषधांत पहिलं नाव रिफाम्पिसिनचं. १९७१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की क्षयासाठी रिफाम्पिसिन घेणाऱ्या आणि सोबत गर्भनिरोधक गोळी चालू असलेल्या बायकांना पाळी नसताना रक्तस्राव होतो. पुढे अशा बायकांना दिवस राहिल्याच्याही नोंदी झाल्या. आज भारतात क्षयाचा नेहमीचा कोर्स ६ महिन्यांचा असतो आणि रिफाम्पिसिन त्यात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत असतं.

‘मॅडम, मधेच डाग दिसतात,’ एवढीच तक्रार घेऊन बाई येते. चालू असलेली सगळी औषधं दाखवा म्हटलं, की पिशवीतून एकेक पट्टी टेबलावर येते : माला-एन, अ‍ॅसिडिटीची गोळी आणि टीबीच्या लालसर गोळ्या. ‘ताई, लघवी केशरी होते का?’ असं विचारलं की ती चमकते. तो रंग रिफाम्पिसिनचा. रंग निरुपद्रवी आहे, पण मधेच दिसणारे डाग ही धोक्याची सूचना असू शकते.

अशा वेळी बदलायचं ते गर्भनिरोधक साधन. टीबीचं औषध थांबवायचं नाही. तांबी गर्भाशयात राहून काम करते. गर्भाशयाचा क्षय नसेल तर ती उत्तम. दर ३ महिन्यांनी घ्यायच्या अंतरा इंजेक्शनवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही. निरोध तर आहेच. कोर्स संपला तरी एन्झाइम्स लगेच ओसरत नाहीत, म्हणून पुढचे ४ आठवडे गोळीवर भरवसा ठेवू नये. ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळीही इथे कमी पडते. त्यापेक्षा संबंधानंतर ५ दिवसांच्या आत तांबी बसवणं खात्रीचं.

फिट्सच्या औषधांचं थोडं वेगळं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन ही रिफाम्पिसिनच्याच वाटेने जातात. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटं घडतं. गोळीतलं इस्ट्रोजेन त्या औषधाची रक्तातली पातळी निम्म्यापर्यंत खाली आणू शकतं, आणि आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा सुरू होतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनाही इस्ट्रोजेनमुळे डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावं.

लोक धास्ती घेतात ती मात्र भलत्याच औषधांची. दात काढला, घसा धरला, अमॉक्सिसिलिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन मिळालं, की ‘आता गोळी लागू पडणार नाही’ म्हणून ती बंदच केली जाते. या नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी गोळीची ताकद कमी होत नाही. ती बंद केल्यानेच दिवस राहतात. जपायचं ते उलट्या-जुलाबांना. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्यावी. लोह, कॅल्शियम, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ खुशाल घ्यावं.

पण ‘नैसर्गिक’ असं लिहिलेली प्रत्येक डबी निर्धोक नसते. मन प्रसन्न राहावं म्हणून परदेशातून किंवा ऑनलाइन मागवल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्टमुळेही यकृतातली तीच एन्झाइम्स वाढतात. वजन कमी करायचं टिर्झेपाटाइड इंजेक्शन २०२५मध्ये भारतात आलं. त्यामुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि गोळी कमी शोषली जाते. म्हणून ते सुरू केल्यावर, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर, ४ आठवडे निरोधही वापरावा.

सणासुदीला ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ म्हणून नॉरएथिस्टेरोन मेडिकलमधून सर्रास आणलं जातं. माला-एनसारखी गोळी चालू असेल तर त्याची गरजच नसते. तपकिरी गोळ्या सोडून नव्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू केल्या की पाळी पुढे जाते. रक्तस्राव थांबवायची ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी मात्र गर्भनिरोधक गोळीसोबत स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण दोन्हींचा कल गुठळ्यांकडे आहे.

हे सगळं पुस्तकांत आहे. तरी बायका फसतात, कारण विचारणारं कुणी नसतं. क्षयाच्या केंद्रात पाळीचा विषय निघत नाही, आणि आमच्या ओपीडीत खोकल्याचा. सासूपासून लपवून गोळी घेणारी बाई नवऱ्यासमोर ‘काही चालू नाही’ म्हणते. ज्यांना ती उघड घेता येते, त्यांच्या लेखी ती ‘औषध’ नसतेच. म्हणून ‘काही औषधं चालू आहेत का?’ एवढं पुरत नाही. बाईला एकटीला आत घेऊन, गोळीचं नाव घेऊन विचारावं लागतं.

आणि दिवस राहिलेच, तरी वाट बंद होत नाही. क्षयाचा नेहमीचा कोर्स गरोदरपणातही चालू ठेवता येतो. मूल नको असेल, तर २०२१च्या दुरुस्तीनंतर साधन निकामी ठरल्याच्या कारणावरून २० आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो, लग्न झालेलं असो वा नसो. पण ही वेळ टाळण्याचा उपाय साधा आहे. रिफाम्पिसिनची पहिली पट्टी देताना औषध देणाऱ्याने, मग ते डॉक्टर असोत, नर्स असोत वा आशाताई, एकच प्रश्न विचारावा : ‘पाळणा लांबवायला काय वापरता?’ उत्तर ‘गोळी’ असेल, तर तांबी किंवा अंतराची सोय त्याच दिवशी लावून द्यावी.